ट्रे उपटा, गोधड्या टांगा

एरंडोलला पत्र्याच्या खोलीत आपली पोरं भीमगीतं रेकॉर्ड करतात. आवाज येतो डब्यात बसून गायल्यासारखा. मग उसनवारी करून नवा माईक! माईकचा काय दोष? तो गळ्याबरोबर खोलीही ऐकतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. झणझणते ना? उघड्या भिंती आवाज चेंडूगत एकमेकींवर फेकतात.

अंड्याचे ट्रे चिकटवून भागत नाही. पातळ पुठ्ठा वरचे सूर थोडे खातो, ढोलकीचा दणका तसाच. आवाज गिळायला जाडी लागते. अन् कापसाच्या खानदेशात जाडी विकत आणायची? आईच्या गोधड्या काढा. गाणाऱ्याच्या पाठीमागं टांगा, कारण माईकचं तोंड तिकडंच असतं. भिंतीपासून वीतभर सोडा, त्या पोकळीनं खालचे सूरही धरले जातात. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या उभ्या करा, घुमणं तिथंच साचतं.

हा गरिबीचा जुगाड नव्हे. हार्वर्डात १८९५ पासून वॉलेस सॅबिननं रात्री जागून, नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या वाहून आणून, एका सभागृहाचं घुमणं मोजलं. शास्त्र गाद्यांतूनच निघालं.

पत्र्यावरचा पाऊस मात्र गोधडीनं थांबत नाही. तेवढी सर ओसरू द्या, मग गा.