शेजारदेश : झाईचा खलाशी



या सदरातून आजवर आपण काठमांडूच्या गल्ल्या पाहिल्या, कोलंबोच्या पेट्टा बाजारातून हिंडलो, थिम्फूची थंडीही अनुभवली. प्रत्येक वेळी मी पारपत्र घेऊन गेलो आणि परतल्यावर शाकाहारी जेवण कोठे मिळते ते आपणांस कळवले. या महिन्यात मी तलासरी तालुक्यातील झाईपलीकडे गेलोच नाही, तरीही शेजारच्या एका देशाची हकिकत घेऊन आलो आहे.

झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे अगदी शेवटचे गाव. बोर्डीहून समुद्राच्या कडेने उत्तरेस निघावे, की झाई लागते आणि पुढे गुजरातचे उंबरगाव. 1960 पर्यंत उंबरगावही ठाणे जिल्ह्यातच होते. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पण बाजारहाट आणि सोयरिकी तिला फारशा जुमानत नाहीत. येथील माणसे एकाच वाक्यात मराठी व गुजराती बोलतात.

माझ्या मामेभावाचे या भागात किराण्याचे दुकान आहे. तेथेच गादीवर बसलो असता त्या खलाशाची गाठ पडली. डहाणू-तलासरीचे पुष्कळ तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळ येथील बोटींवर कामाला जातात. मालकाकडून आगाऊ रक्कम घ्यायची, ती घरी द्यायची आणि पावसाळा सरला की हंगामभर समुद्रावर राहायचे, असा त्यांचा शिरस्ता. सर क्रीकचा वाद अजून मिटलेला नाही. पाण्यावर रेघ ओढलेली नसते आणि मासळी मिळेल तिकडे तांडेल बोट नेतो. एका पहाटे पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने त्यांची बोट अडवली. बोट गेली ती गेलीच. माणसे कराचीच्या मलीर कारागृहात पोहोचली. आपल्याकडे पकडलेले त्यांचे मच्छीमार असेच कच्छात आणले जातात. दोन्ही देश 2008 च्या करारानुसार दरवर्षी 1 जानेवारी व 1 जुलै रोजी परस्परांच्या कैद्यांच्या याद्या देतात. शहरात आपण ती बातमी वाचून पान उलटतो. तिच्यातील आकड्यात आपला माणूस आहे की नाही, हे झाईसारख्या गावांतील काही घरे शोधत असतात.

मी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘‘खायला काय मिळे?’’ सवय जात नाही, दुसरे काय! तो म्हणाला, ‘‘डाळ-रोटी. भात क्वचित. भाताची फार आठवण यायची.’’ मग हळूहळू बोलू लागला. कराची शहर त्याने पाहिले ते गाडीच्या जाळीतून. मात्र त्या शहरात मेमन व बोहरी कुटुंबांमुळे गुजराती आजही बोलली जाते, हे त्याला तेथे गेल्यावर कळले. एक म्हातारा शिपाई त्याच्याशी गुजरातीत बोले आणि जुनागढकडील आपल्या आजोळाची चौकशी करी. ‘‘मी जुनागढ कुठे पाहिलेय? पण हो म्हणायचो. त्याला बरे वाटे.’’ सौराष्ट्राच्या सोबत्यांकडून तो मण्यांचे काम शिकला. त्याने केलेले एक तोरण आता त्याच्या दारावर आहे.

2023 च्या मे-जूनमध्ये पाकिस्तानने दोन तुकड्यांत मिळून सुमारे 400 मच्छीमार सोडले, त्यांत तो होता. कराचीहून लाहोरपर्यंतचा तो आगगाडीचा प्रवास म्हणजेच त्याने मोकळ्या डोळ्यांनी पाहिलेला पाकिस्तान. कोटरीला पूल आला. ही कोणती नदी, असे त्याने विचारले, तेव्हा सिंधू, असे उत्तर मिळाले. पुढे खजुरीची झाडे दिसली, ‘‘आपल्या शिंदीसारखीच, पण फळ केवढे!’’ शेतांत बायका वाकलेल्या होत्या. ठिकठिकाणी वीटभट्ट्यांची धुराडी होती. तलासरीची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर जातात, हा स्वतःही लहानपणी आईबापांबरोबर गेलेला. ‘‘शेठ, गाडीतून बघितले तर पोरे तशीच विटा उलटत होती. मला वाटले, आपलेच गाव आले.’’ मी दहा वर्षे शेजारदेशांतून फिरतो आहे. एकाही वीटभट्टीची नोंद माझ्या वहीत नाही.

या प्रवासाची व्यवस्था ईधी फाउंडेशनने केली होती. निरोप देताना प्रत्येकाच्या हातात थोडी रक्कमही ठेवली. संस्थेचे संस्थापक अब्दुल सत्तार ईधी जन्माने आपल्या शेजारचेच, जुनागढजवळील बांटवा या व्यापारी गावचे. वाघा ओलांडल्यावर आगगाडी, मग बस, असे करत तो घरी पोहोचला. धाकटी मुलगी त्याला ओळखेना.

येथवर मामेभाऊ गप्प बसून ऐकत होता. खलाशी गेल्यावर त्याने कपाटातून जुनी खातेवही काढली. नवरा पकडला गेल्यावर या माणसाची बायको उधारीवर माल नेत असे. पहिल्या वर्षाची पाने भरलेली होती. दुसऱ्या वर्षी चैत्रानंतर पान कोरे. ‘‘मीच बंद केली,’’ भाऊ म्हणाला. ‘‘परत येईल की नाही, कोण सांगणार होते? बाकी वाढत चालली होती. ती नंतर दुकानासमोरून जायची, पण पायरी चढली नाही.’’

परतल्यावर आठ दिवसांच्या आत त्याने सगळी बाकी आणून दिली होती. भावाने अर्धी सोडतो म्हटले, त्याने ऐकले नाही. तेव्हापासून तो याच दुकानात येतो आणि सुट्या पैशांपर्यंत रोख मोजतो. त्या दिवशीही त्याने किलोभर साखर आणि चहाची पुडी घेतली होती. भावाने पुडीचे पैसे राहू द्या म्हटले, तर नोट गल्ल्यावर ठेवून तो उभाच राहिला, सुटे परत मिळेपर्यंत.