कणकेची बाहुली

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा त्याची वास्तपुस्त फारशी कोणी केली नाही. परंतु तोच चित्रपट १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुनश्च पडद्यावर आला आणि त्याने पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न मिळविले. १९१८ ते १९४७ या कालखंडातील कोकणचा वाडा आणि भूगर्भात कोंडलेला हस्तर नावाचा देव हा सारा अद्भुताचा मामला असला, तरी त्याला आजच्या तंत्राची जोड लाभल्याने कुणास तो भयपट वाटला, कुणास लोभाची नीतिकथा.

आमच्या बीडमध्ये एका वृद्ध वाचकांनी मात्र हस्तराच्या मोहरांविषयी अवाक्षरही न काढता, त्या मिळविण्यासाठी विहिरीत उतरणाऱ्या बापलेकांजवळच्या, भुकेल्या हस्तराला आमिष म्हणून नेलेल्या कणकेच्या बाहुलीविषयीच विचारले. हस्तराला सोने लाभले, धान्य तेवढे नाकारले गेले. ज्यांनी १९७२चा दुष्काळ भोगला, त्यांना त्या देवाचे भय वाटण्याऐवजी त्याची भूक ओळखीची वाटावी, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. इतरांच्या अंगावर काटा आणणारा तो अखंड पाऊसही हे गृहस्थ आसुसून पाहत होते.

पाण्याची ही आस कायद्यालाही ठाऊक असावी; महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, ज्यांच्या शोधापायी अघोरी कृत्ये घडतात त्या गोष्टींत, गुप्तधनाशेजारीच पाण्याचाही उल्लेख आहे.