घरपट्टीची चोरी आणि शेजाऱ्याचे मौन

भांडुप व मुलुंड यांच्या मध्ये असलेले नाहूर स्टेशन २००६ साली उघडले आणि भोवतालच्या वस्तीचे रूप झपाट्याने पालटले. चाळी, जुन्या सोसायट्या व नवे उंच मनोरे ही आज तेथे एकमेकांस खेटून उभी आहेत. अशाच एखाद्या सोसायटीतील पुढील चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचे घर पाचशे चौरस फुटांहून किंचित मोठे, म्हणून ते आपल्या निवृत्तिवेतनातून घरपट्टी बिनबोभाट भरतात. समोरचे घर दप्तरी पाचशेच्या आतले व राहते, म्हणून करमुक्त. प्रत्यक्षात तेथे चूल पेटत नाही की रात्री कोणी निजत नाही. सकाळपासून खोक्यांची चढउतार चालते. म्हणजे ते घर नसून वखार आहे. गुरुजी हे रोज पाहतात आणि गप्प बसतात. आपणांस काय करावयाचे आहे, शेजाऱ्याशी वैर कशास घ्यावयाचे, हा त्यांचा विचार. तो एकट्या गुरुजींचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण तो आपल्या साऱ्या सुशिक्षित समाजाचा झाला आहे, म्हणून त्याची झडती घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम ही सवलत कोणती ते पाहू. मुंबईतील पाचशे चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर, चटईक्षेत्रापर्यंतच्या निवासी घरांस २०१९ साली घरपट्टीतील केवळ सर्वसाधारण कर माफ झाला होता. १ जानेवारी २०२२ पासून ती माफी संपूर्ण मालमत्ता करास लागू झाली. सुमारे सोळा लाख कुटुंबांस तिचा लाभ मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. या सवलतीस आम्ही गरिबांवरील उपकार मानीत नाही. गिरणी, कारखाना, कचेरी यांत आयुष्य झिजवून ज्याने दोन खोल्यांचा आसरा मिळविला, त्याच्या डोक्यावर बिलाची टांगती तलवार नसावी, ही शहराने दिलेली न्याय्य कबुली आहे. पण कबुली दोन पक्षांची असते. शहराने कर सोडावा आणि घेणाऱ्याने खरे सांगावे, हीच तिची अट होय.

ही अट मोडण्याचे मार्ग कोणते, हे सोसायटीत राहणाऱ्यास निराळे सांगणे नको. राहत्या घरात कचेरी, शिकवणी वा गोदाम थाटावयाचे आणि दप्तरी मात्र ते घरच ठेवावयाचे. वाढविलेले क्षेत्रफळ कागदावर येऊ द्यावयाचे नाही. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आकारला जातो. त्यात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय व वापर यांस महत्त्व आहे. धंद्याच्या जागेस राहत्या घराहून कितीतरी अधिक कर पडतो. तेव्हा 'वापर' या एका रकान्यातील असत्यानेही पालिकेचे मोठे येणे बुडते.

हे बुडालेले पैसे कोणाचे? पालिकेचे, असे उत्तर येईल. पण पालिका म्हणजे कोणी परका सावकार नव्हे. १ जुलै २०१७ रोजी जकात बंद झाल्यापासून तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा सरकारकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिला, आणि स्वतःच्या हक्काच्या उत्पन्नात घरपट्टीचे महत्त्व वाढले. घरपट्टीच्या बिलावरील रकाने वाचून पाहावेत: जल कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. शेजारच्या वखारवाल्याने जे भरले नाही ते पालिकेच्या शाळेतील बाकावरून, गटाराच्या झाकणावरून आणि रुग्णालयातील खाटेवरून कमी होते. शिवाय लबाडांची संख्या वाढली म्हणजे सवलतच आवळा असा आक्रोश होतो, आणि मार खरोखर लहान घरात राहणाऱ्यास बसतो. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचाच हा प्रकार.

यावर पहिला आक्षेप असा येतो की शेजाऱ्याविरुद्ध तक्रार ही चहाडी आहे. चहाडीविषयी आपल्या समाजात जो तिटकारा आहे तो आम्हांसही आहे. परंतु चहाडी आणि तक्रार यांत फरक करावयास आपण शिकले पाहिजे. शेजारी काय खातो, कोणास घरी बोलावितो, त्याची मुलगी किती वाजता परतते, हे बाहेर सांगणे ती चहाडी. कारण ज्यात सार्वजनिक हित नाही असे दुसऱ्याचे खाजगी ती वेशीवर टांगते. सार्वजनिक खजिन्यास देय असलेला कर खोट्या कागदावर बुडविला जात आहे, हे त्या खजिन्याच्या रक्षकास कळविणे ही तक्रार. पहिलीने माणूस हलका होतो. दुसरी करण्याचे टाळल्याने तो चोरीचा मूक साक्षीदार होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पालिकेचा कारभारच जेथे चोख नाही, तेथे आम्हीच प्रामाणिकपणा का दाखवावा? कारभारातील दोष आम्ही झाकू इच्छीत नाही. भांडवली मूल्य ठरविण्याच्या पालिकेच्या काही नियमांविरुद्ध मालमत्ताधारक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ते नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या नोव्हेंबरात तो निकाल कायम केला. या उदाहरणातच आक्षेपाचे उत्तर आहे. कर अन्यायाचा वाटला तर आपल्या नावाने उघड लढता येते, आणि जिंकताही येते. त्या लढ्याचा लाभ सर्वांस होतो. खोटा रकाना भरणारा लढत नाही. तो आपल्यापुरते बीळ पोखरतो आणि भार शेजाऱ्यावर टाकतो.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नसून भीतीची आहे, आणि ती निराधार नाही. महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळविणाऱ्या सत्येंद्र दुबे या अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयास पत्र लिहून आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. नाव गुप्त राहिले नाही, आणि २००३ च्या नोव्हेंबरात गयेस त्यांची हत्या झाली. आपल्याच तळेगावात जमिनींचे गैरव्यवहार उघडकीस आणणाऱ्या सतीश शेट्टी यांस १३ जानेवारी २०१० रोजी मारण्यात आले. सार्वजनिक सेवकांचा भ्रष्टाचार कळविणाऱ्यांच्या रक्षणासाठी संसदेने २०१४ साली कायदा केला. दहा वर्षे उलटली तरी तो अंमलात आला नव्हता. घरपट्टीच्या तक्रारीत असे जिवावरचे प्रसंग विरळा, हे खरे. पण जिन्यात रोज तोंडास तोंड देणाऱ्या शेजाऱ्याचा रोष सोसणे हेही सोपे नाही. म्हणून आमचे पहिले मागणे नागरिकाकडे नसून कचेरीकडे आहे. तक्रारदाराचे नाव बाहेर फोडणे हा सेवेतील गंभीर अपराध मानला जावा. ज्या कचेरीस गुपित राखता येत नाही, तिने नागरिकांस धैर्याचा उपदेश करू नये.

दुसरे मागणे असे की कचेरीने सारा भार शेजाऱ्याच्या डोळ्यांवर टाकू नये. विलायतेत १९९३ पासून चालू असलेल्या कौन्सिल टॅक्समध्ये घरात एकच प्रौढ माणूस राहत असल्यास पाव हिस्सा सूट मिळते. तीही लबाडीने घेतली जाते, आणि तेथील नगरपालिका लोकांकडून माहिती मागवितातच. पण त्याबरोबर सूट घेणाऱ्यांची यादी मतदारयादीशी ताडून पाहण्याची व्यवस्थाही तेथे आहे. येथे ते अशक्य का असावे? भांडुप-मुलुंड भागात वीज महावितरणची आहे, आणि तिच्या दप्तरी मीटर घरगुती की व्यापारी याची नोंद असते. दुकाने व आस्थापनांची नोंद सरकारदरबारी आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत धंद्याचा पत्ता द्यावा लागतो. ही दप्तरे शेजारी शेजारी ठेविली तर निम्मे काम कोणासही न दुखविता होईल.

तिसरे, बक्षिसाविषयी. कौटिल्याने अपहार उघड करून तो सिद्ध करणाऱ्या सूचकास रकमेचा षष्ठांश सांगितला आहे. आयकर खात्याच्या २०१८ च्या योजनेतही खबर देणाऱ्यास ५० लाख रुपयांपर्यंत बक्षिसाची तरतूद करण्यात आली. परदेशात दडविलेल्या संपत्तीपुढे आणि मोठमोठ्या बेनामी व्यवहारांपुढे असे आमिष कदाचित लागत असेल. परंतु एका जिन्यावरील घरपट्टीसाठी बक्षीस ठेवणे आम्हांस घातक वाटते. त्याने शेजारी हा पारधी बनेल. कौटिल्याची दुसरी अर्धी आज्ञा मात्र घेण्याजोगी आहे: आरोप सिद्ध न करणाऱ्या सूचकास त्याने दंड सांगितला आहे. प्रामाणिक चूक क्षम्य मानावी. पण सोसायटीच्या निवडणुकीचा सूड उगविण्यासाठी, किंवा भाडेकरूची जात वा धर्म खुपतो म्हणून धाडलेल्या खोट्या तक्रारीस शासन झाले पाहिजे. निनावी पत्रावर कोणासही नोटीस जाऊ नये. आधी मोजणी व्हावी, मग घरमालकाचे म्हणणे ऐकावे, चूक स्वतःहून सुधारण्यास मुदत द्यावी आणि शेवटी दंड करावा.

आता गुरुजींकडे वळू. त्यांनी थेट कचेरी गाठावी असे आम्ही म्हणत नाही. शेजारधर्माची पहिली पायरी समोरचे दार ठोठावण्याची आहे. "अहो, तुमची नोंद राहत्या घराची आहे, ती दुरुस्त करून घ्या," एवढे शांतपणे सांगण्यात वैर कसले? ऐकले नाही तर सोसायटीच्या कार्यकारी मंडळापुढे गोष्ट ठेवावी. तेथेही कानावर हात ठेवले गेले, तर आपल्या विभाग कार्यालयातील करनिर्धारण व संकलन खात्यास स्वतःच्या सहीने लिहावे; जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे, ऐकीव एक अक्षरही लिहू नये, आणि पत्राची पोच घ्यावी.

आणि पत्र लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने आपलेही बिल एकदा काढून पाहावे. त्यावरील क्षेत्रफळ खरे आहे काय, वापर खरा आहे काय? ज्याची स्वतःची नोंद स्वच्छ आहे त्याच्या सहीस कचेरीत वजन येते. नाहूरच्या एका जिन्यावर हे घडले तर ते मुंबईतही घडू शकेल, अशी आमची श्रद्धा आहे.