पीजे मोजून ठेवा

पाचोरा-जामनेर ‘पीजे’ २०२०च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज होणार, तीही आपल्या बोदवडपर्यंत आणायचं ठरलंय. यावी, लवकर यावी. पण ५६ किलोमीटरच्या जुन्या लाइनीवरचं जे अजून उभं आहे, ते उखडायच्या आत कुणी टेप घेऊन मोजणार आहे का?

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. सहलीला जायचं, ‘भारी!’ म्हणायचं, परत यायचं.

पीजेच्या दोन रुळांत अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ८७ पट लहान केलं तर पावणेनऊ. आणि ९ मिलिमीटरचा ट्रॅक तयार मिळतो! डबे पुठ्ठ्याचे करा. इंजिनाची मोटर मात्र विकतच आणावी लागेल, त्याला वर्गणी काढा. गाडीला वीज रुळांतूनच मिळते. धूळ बसली की ती गचके खाते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोज फडकं मारावं लागेल. (कंटाळा येणाऱ्यांनी यात पडूच नये.)

रंगकाम नंतरही होईल. मापं आत्ताच घ्यायला हवीत, रेल्वेची परवानगी काढून. आणि डबा आतून कसा होता, हे पीजेने कॉलेजला गेलेल्या काका-मावशीला या रविवारीच विचारा.