ती घर सोडून का जात नाही?



झपाटलेल्या घरांचे सिनेमे मला मनापासून आवडतात. चळवळीतल्या काही जणींना याचं नवल वाटतं. बायकांना किंचाळायला लावणारे सिनेमे तू पाहतेसच कशी, असं त्या विचारतात. त्यांचा आक्षेप खोटा नाही. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) शाप मिळतो राजाला आणि बाळंतपणात मरतात त्या घराण्यातल्या बायका. पुरुषांच्या वैराची किंमत बाईच्या देहानं चुकवायची, हा हिशेब आपल्याला नवा नाही. तरीही घर ही बाईची सर्वात सुरक्षित जागा, हा समज या सिनेमांइतका दुसऱ्या कुणी मोडलेला नाही.

'महल' (१९४९) पाहताना सगळे मधुबालाच्या सावलीमागे धावतात. ती भूत नसून माळ्याची मुलगी आहे, हे शेवटी कळतं. मला मात्र आठवत राहते रंजना, नायकाची लग्नाची बायको. नवऱ्याचं मन दुसरीकडे, राहायला ओसाड जागा, विचारपूस करायला कुणी नाही. ती विष घेते आणि मरण्यापूर्वी पोलीस ठाण्यात नवऱ्यावर आरोप करते. सिनेमात भूत नाही, तरी एक बाई जिवानिशी जाते. आणि सहानुभूती मिळते ती नवऱ्यालाच!

रामगोपाल वर्मांचा 'भूत' (२००३) हवेलीतून मुंबईतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये येतो. आधीची भाडेकरू बाई इथे मेली, हे नवऱ्याला ठाऊक असतं. बायकोला तो सांगत नाही. पुढे तिला ती बाई दिसू लागते, तेव्हा डॉक्टरकडे न्यायचं ते बायकोला. घर निवडायचं त्यानं आणि वेडी ठरायची तिनं! ती भाडेकरू बलात्काराला विरोध करताना मारली गेली होती, हे कळायला मात्र दुसऱ्या बाईचं शरीर पणाला लागतं.

'भूलभुलैया'त (२००७) आणि तो ज्यावरून घेतला त्या मल्याळम 'मणिचित्रताळ'मध्ये (१९९३) मांत्रिकाऐवजी मानसोपचारतज्ज्ञ रोगाचं निदान करतो, हे मला मोलाचं वाटतं. पण एक प्रश्न उरतोच. एरवी मान वर न करणारी सून अंगात आल्यावर सासऱ्याला एकेरीत सुनावते आणि सगळं घर हात जोडून ऐकतं, हे आपण गावोगाव पाहिलं आहे. बाईचं म्हणणं ऐकून घ्यायला आधी तिच्या अंगात दुसरं कुणी का यावं लागतं?

अलीकडच्या दोन सिनेमांनी हा विषय थेट हाताळला. विशाल फुरियांच्या मराठी 'लपाछपी'त (२०१७) उसाच्या फडातलं घर आहे, पोटुशी नेहा आहे आणि मुलगी नको म्हणून झालेल्या हत्यांचा इतिहास आहे. अन्विता दत्त यांच्या 'बुलबुल'मध्ये (२०२०) बंगालमधली हवेली आणि बालवधू आहे. दोन्हींत घराची राखण करते ती बाईच. एक प्रेमानं जेवू घालून अडकवते, दुसरी गप्प राहायला शिकवते. पुरुषसत्ता आपला पहारा बायकांकडूनच करून घेते, हे यापेक्षा सोपं करून कोणत्या शिबिरात सांगता येईल?

असा सिनेमा पाहताना थिएटरात कुणीतरी हमखास ओरडतं, "अगं, निघून जा ना!" समुपदेशनाला येणाऱ्या बाईलाही नातेवाईक, पोलीस, कधी शिकलेल्या मैत्रिणीसुद्धा हेच विचारतात, 'इतकी वर्षं राहिलीसच कशाला?' जायचं कुठे, याचं उत्तर कुणी देत नाही. माहेरी भावाचा संसार असतो, हातात पैसा नसतो, मुलांची शाळा असते.

या सिनेमांशी माझं भांडण इथे आहे. बाईपुढे ते दोनच वाटा ठेवतात: मरून सूड घ्यायला परत ये, नाहीतर जीव घेऊन पळ. घरात राहून भुतालाच बाहेर काढायची तिसरी वाट त्यांना सुचत नाही. ती वाट कायद्यात आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम १७ नुसार घर कुणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा हक्क बाईला आहे. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. कलम १९ खाली न्यायालय हिंसा करणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर जायला सांगू शकतं. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते 'सामायिक घर' ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं आहे.

हा हक्क बजावणं सोपं नसतं. आदेश हातात असूनही दाराला कुलूप, तोडलेली वीज, बंद केलेलं पाणी यांच्याशी झुंजावं लागतं. पण म्हणूनच 'घर सोड' हा सल्ला देण्याआधी, 'घर कुणाचं?' हा प्रश्न आपण विचारायला हवा.

तुमच्या घराला, वस्तीला अशा गोष्टी माहीत असतील. एखाद्या घरात 'काहीतरी आहे' असं लोक म्हणतात, तेव्हा तिथल्या बाईचं काय झालं, याची चौकशी करा आणि आम्हाला जरूर लिहा.