गोळी मिळते, पाठपुरावा कोण करणार?

वय झाले की बीपी थोडे वाढणारच, ही समजूत घराघरांत आहे. बुलढाणा तालुक्यातील धाडसारख्या गावातही ज्येष्ठांची तक्रार असते ती गुडघ्यांची, कारण उच्च रक्तदाब दुखत नाही. मग दुकानातून वेदनाशामक गोळ्या येतात. त्यातल्या अनेक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, हे सांगायला कोणी नसते.

म्हाताऱ्या माणसांना बीपीचे औषध द्यावे की नाही, हा डॉक्टरांमधला जुना वाद. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हायवेट’ चाचणीने तो बराचसा मिटवला. त्यात ८० वर्षांवरील ३,८४५ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांमधले मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. म्हणजे उपचार हवाच. पण तो सांभाळून करायचा, आणि हे सांभाळणे डॉक्टरांपेक्षा सिस्टरच्या हातात अधिक असते.

रक्तदाब मोजणे दिसते तितके सोपे नाही. चालत आलेल्या आजीबाईंना पाच मिनिटे शांत बसवायचे, पाठ आणि हात टेकवायचे, नुकताच चहा किंवा तंबाखू झाली का विचारायचे, पट्टा दंडाच्या मापाचा घ्यायचा. मग उभे करून पुन्हा मोजायचे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर पहाटे अंथरुणातून उठताना तोल जाण्याचा धोका असतो. खुब्याचे हाड मोडले की म्हातारपणाची उरलेली वर्षे खाटेवर जातात. ओपीडीच्या रांगेत हे दुसरे मोजमाप बहुतेक वेळा राहूनच जाते. अम्लोडिपिनने पायांवर सूज आली म्हणून गोळी परस्पर बंद करणारेही कमी नाहीत. ते सिस्टरला सांगतात, डॉक्टरांना नाही.

हे ओळखूनच २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात सुरुवातीला सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे घेतले गेले. ठरलेली औषधे, महिनाभराच्या गोळ्या, प्रत्येकाचे उपचारपत्र आणि न आलेल्याला बोलावणे, एवढीच त्याची रीत. यात चमत्कार काहीच नाही, काम मात्र सिस्टर आणि आशाताईंचे.

पण त्याच सिस्टरकडे लसीकरण, बाळंतपणे, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती भरणेही असते. पाच मिनिटे आणायची कुठून? धाडच्या परिसरात आठवड्यातला एक दिवस फक्त ज्येष्ठांच्या रक्तदाबासाठी राखावा, शक्यतो बाजाराचा, कारण त्या दिवशी खेड्यांतून माणसे येतातच. त्या दिवशी सिस्टरकडे दुसरे काम नसावे. बीपी स्थिर असलेल्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे जाताना पिशवीत चालू स्थितीतले यंत्र आणि दोन मापांचे पट्टे असावेत.