सप्तक बदलतं कुठे?

मंडळाच्या गणपतीत किंवा कोजागिरीला साथीला पेटीशेजारी आता छोटा कीबोर्ड दिसतो. त्याला पट्ट्या पंचवीस, म्हणजे जेमतेम दोन सप्तकं. बऱ्याचदा त्यात स्वतःचा आवाजही नसतो. तो केबलने जोडलेल्या साउंड मॉड्यूलमधून येतो. मग बासरी तार सप्तकात न्यायची कशी? त्यासाठी कीबोर्डवर ‘ऑक्टेव्ह’चं प्लस-मायनस बटण असतं. ते काय करतं हे समजलं, तर ऐन कार्यक्रमात धांदल उडत नाही.

पेटीची पट्टी दाबली की हवा जाऊन तिचाच सूर वाजतो. कीबोर्डची पट्टी मात्र मॉड्यूलला फक्त एक आकडा कळवते. १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत स्वरांना ० ते १२७ असे आकडे आहेत. मधली पांढरी एक म्हणजे ६०. प्लस दाबलं की तीच पट्टी ७२ पाठवते, मायनस दाबलं की ४८. सप्तकात बारा स्वर, म्हणून फरक बाराचा. मॉड्यूल बिचारं आलेला आकडा वाजवतं.

गोंधळ होतो तो मॉड्यूलमध्येही सप्तक बदलता येतं म्हणून. दोन्हीकडे एकेक वाढवलं, तर सूर दोन सप्तकं वर! तेव्हा एक बाजू शून्यावरच ठेवा. एकाच पट्टीवर बासरी आणि व्हायोलिन दोन्ही लावले असतील आणि फक्त बासरी वर हवी असेल, तर बदल मॉड्यूलमध्ये करा. कीबोर्डचं बटण दोघांनाही उचलतं.

आणखी दोन गोष्टी. ड्रमच्या आवाजात प्रत्येक आकडा म्हणजे वेगळं वाद्य. जनरल मिडीत ३६ हा बास ड्रम. एक सप्तक वर गेलात की ४८, म्हणजे टॉम वाजतो. दुसरं, पट्टी दाबून धरलेली असताना बटण दाबू नका. काही कीबोर्ड सुरू करतात ६० आणि बंद करायला सांगतात ७२ ला. ६० आपला वाजतच राहतो. सप्तक पूर्ववत करून तीच पट्टी दाबून सोडली की बहुधा तो थांबतो.

गायिकेला काळी चार हवी असेल, तर ते काम या बटणाचं नाही, ‘ट्रान्स्पोज’चं. कार्यक्रमाआधी मधली पांढरी एक पेटीवर आणि कीबोर्डवर एकदा मिळवून पाहा. तेवढ्या मिनिटात गाणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो!